स्टिक फाइलमधली आजी

नववीच्या प्रोजेक्टच्या फायली तपासायला बसले की पहिली आठ-दहा वर्षं मला उघडायच्या आधीच आत काय असणार ते माहीत असायचं. पारदर्शक कव्हर, आत ए-फोर कागद, चारी बाजूंनी स्केचपेननं मारलेली बॉर्डर, मग मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रस्तावना, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या चार्टवरचे फोटो कापून चिकटवलेले, खाली सायबरवाल्याकडून काढलेली प्रिंट किंवा तीच प्रिंट समोर ठेवून सुंदर अक्षरात उतरवलेली, आणि शेवटी समारोप. एका वर्षी एका मुलाच्या ऋणनिर्देशात भलत्याच शाळेच्या मुख्याध्यापकांचे आभार होते. म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या मुलाची फाइल जशीच्या तशी उतरवलेली. मला त्याचा राग नाही आला, पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण आभाराचं पानसुद्धा त्यानं वाचलं नव्हतं आणि मी तरी कुठे वाचत होते, त्याच्या आधीच्या तीस फायलींत ते पान पलटून शेवटी सही ठोकली होती. याची माझ्या नजरेत पडली तो योगायोग.

मी इतिहास आणि मराठी शिकवते. शाळा नवी मुंबईत, एका अंगाला सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या बिल्डिंगी आणि दुसऱ्या अंगाला गावठाण. वर्गात निम्मी मुलं अशी की ज्यांचे आजी-आजोबा याच जमिनीवर वाढले, आणि निम्मी अशी की ज्यांचे आईवडील सातारा, जुन्नर, जालना, कुठून कुठून आलेत. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे, लिखित, भौतिक, मौखिक, दृक्-श्राव्य. हा धडा मी इतकी वर्षं शिकवला, मौखिक साधने म्हणजे ओव्या, लोकगीतं, म्हणी, मुलाखती, लिहा रे, अधोरेखित करा, दोन मार्कांना येतं. आणि वर्गात साठ मुलांच्या घरी साठ आज्या-आजोबा, आत्या, मावश्या, काका बसलेले, त्यातल्या एकालाही कोणी काही विचारलेलं नाही. हे डोक्यात यायला मला एवढी वर्षं लागली.

मग प्रोजेक्टचा विषय बदलला. ‘आपण राहतो तिथे आधी काय होतं’, बस एवढंच. आणि सांगितलं की किमान एका माणसाला समोर बसून विचारायचं, त्याची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकून लिहून काढायचं, घरातली एक वस्तू आणायची, आणि सगळ्यात शेवटी एक पान स्वतःच्या मनानं लिहायचं. मुलं म्हणाली मॅडम माहिती कुठून आणायची. मी म्हटलं माहिती मी देते, आणि खरंच तासाला फळ्यावर लिहून दिली. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली, तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या 95 गावांची जमीन या शहरासाठी घ्यायचं ठरलं, मोबदल्यावरून संघर्ष पेटला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, 5 जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत द्यायची. म्हटलं हे सगळं आता एआयला विचारलं तर दोन मिनिटांत येतं, बॉर्डरसकट येईल, त्याला मी मार्क देणार नाही. हे सगळं होत असताना तुमच्या घरातलं माणूस कुठे होतं ते शोधून आणा.

काही मुलांनी तरीही नेटवरून उतरवलं, ते होतंच. काहींनी पाच ओळींची मुलाखत घेतली, प्रश्न पूर्वी येथे काय होते, उत्तर पूर्वी येथे शेती होती. पण एक फाइल आली आणि तिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलेय.

मुलगी गावठाणातली. मागच्या बाकावर बसणारी, हात वर न करणारी. तिनं आजीची मुलाखत घेतली होती आणि चार पानं लिहिली होती, अक्षर नीटनेटकं, भाषा एकदम पुस्तकी. ‘आजीने सांगितले की पूर्वी येथे मिठागरे होती. तेथे स्त्रिया व पुरुष काम करत असत. काम कष्टाचे होते.’ चुकीचं काहीच नव्हतं, पण मला ते वाचून आजी दिसेना. मी तिला म्हटलं रेकॉर्डिंग आहे का गं, तर ती घाबरलीच, तिला वाटलं मला खोटं वाटतंय. दुसऱ्या दिवशी पप्पांचा फोन घेऊन आली, मधल्या सुट्टीत आम्ही दोघी लायब्ररीत बसलो आणि ऐकलं.

पंख्याची घरघर, मागे कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवर सिरियल, आणि त्यातून आजीचा आवाज. ‘सकालचे पाराला जायाचो आमी. मिटान पाय चिरायचं. मंग घरा येवून खोबऱ्याचा त्याल लावायचो.’ मग ती भरतीचं पाणी आत कसं घ्यायचे ते सांगते, ऊन्ह लागून पाणी कसं आटत जायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचे, पावसाच्या आधी सगळं मीठ काढून ढीग कसे झाकायचे. नात विचारते, आजी मग ते बंद कधी झालं? आणि आजी गप्प. कुकरची एक शिट्टी होते, टीव्हीवर जाहिरात लागते, मी घड्याळ बघितलं नंतर परत ऐकताना, 11 सेकंद आजी काही बोलत नाही. मग म्हणते, ‘तुजा आजा सात-बारा घेवून फिरायचा.’ एवढंच. पुढचा प्रश्न नातीनं घाईघाईनं विचारलाय, तुम्ही जेवायला काय न्यायचात.

मी तिला विचारलं, हे असं का नाही लिहिलंस? ती म्हणाली, मॅडम, ते गावठी आहे ना. तुम्ही लाल पेन मारला असतात.

आणि मी मारला असता. हे मला कबूल केलंच पाहिजे. सातवीच्या वर्गावर असताना एका मुलानं निबंधात ‘पानी’ लिहिलं, ‘गारी’ लिहिलं, मी प्रत्येक शब्दाभोवती गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, बोलीभाषा टाळा. तो मुलगाही गावठाणातलाच होता, पाणी त्याच्या घरात पानीच होतं आणि गाडी गारीच होती. शुद्धलेखन शिकवायला नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, बोर्डाच्या पेपरात त्याला ते लागणारच आहे, पण ‘टाळा’ हा शब्द मी जिथे लिहिला तिथे त्यानं आईबापाचा आवाजही टाळायचा असंच वाचलं असणार. तो आता कुठे असेल मला माहीत नाही. असो. नाही, असो नाही म्हणता येत मला, अजून टोचतं ते.

तर त्या मुलीला म्हटलं, परत लिही. आजी जशी बोलली तस्सं, एक अक्षर बदलायचं नाही, आणि तुला जे सांगायचंय ते तुझ्या भाषेत वेगळ्या रंगानं लिही. तिनं विचारलं, मॅडम ती गप्प बसली ते कसं लिहू? मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं कंसात लिही, आजी गप्प. तिनं तसं लिहिलं आणि त्यापुढे स्वतःहून ‘11 सेकंद’ घातलं. इतकी वर्षं इतिहास शिकवतेय पण 9वीच्या मुलीनं पुराव्याशी इतकं इमान राखलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

त्या रात्री मी 1882 चं ठाणा जिल्ह्याचं गॅझेटियर नेटवर उघडून बसले. इंग्रजांनी लिहून ठेवलंय त्यात, आगरी लोक भात पिकवतात, मीठ बनवतात. मुळात आगर म्हणजेच मिठागर, त्यावरून आगरी. म्हणजे या लोकांच्या नावातच त्यांचं काम आहे आणि ते काम तर केव्हाच गेलं, नाव राहिलं. गावांचंही तेच झालं, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, सगळी नावं जशीच्या तशी स्टेशनांच्या पाट्यांवर आहेत, रोज लाखो लोक वाचतात. मॅपवर बघितलं तर अजून ओळखू येतं, सेक्टरचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ जातात आणि मध्येच एक गाठ लागते, गल्ल्या वाकड्यातिकड्या, घराला घर चिकटलेलं, ते गावठाण. मुलांना मी गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो मागे मागे नेऊन दाखवले. धूसर आहेत, पण खाडीच्या कडेला चौकोन चौकोन दिसतात. एक मुलगा ओरडला, मॅडम, हे तर आमच्या बिल्डिंगच्या जागेवर आहे!

आता ते ‘स्वतःच्या मनानं’ पान. मराठी शाळेत वाढलेल्या प्रत्येकानं मनोगत लिहिलेलं असतं, पडक्या किल्ल्याचं, फाटक्या पुस्तकाचं, जुन्या वडाचं. ‘दचकलास? अरे मीच बोलतोय’ अशी सुरुवात, मग वैभवाचे दिवस, मग दुर्दशा, मग जाता जाता उपदेश, आणि आवाज यायचा बंद झाला. गाइडमध्ये तयार मिळतं. मला या प्रकाराबद्दल खरं तर माया आहे, कारण दुसऱ्याच्या जागी जाऊन बोलून बघणं हे मुलांना यातूनच पहिल्यांदा कळतं, पण किल्ला कुठला ते माहीत नसताना किल्ल्याचं मनोगत लिहिलं की ते कुठल्याच किल्ल्याचं राहत नाही. म्हणून मी सांगितलं की मनोगत लिहा, पण मुलाखतीत जी वस्तू किंवा जागा आली तिचंच, आणि प्रत्येक परिच्छेदात निदान एक गोष्ट अशी पाहिजे जी तुम्हाला कुणीतरी प्रत्यक्ष सांगितलीय.

त्या मुलीनं उघाडीचं मनोगत लिहिलं. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायची. तिचे आजोबा ती बघायचे. मनोगताची पहिली ओळ होती, ‘मला दिवसातून दोनदा भूक लागायची.’ मी तिथेच थांबले. भरती दिवसातून दोनदा येते, हे भूगोलात शिकवतात, पण ही ओळ भूगोलाच्या पुस्तकातून येत नाही. पुढे उघाडी सांगते की रात्री-अपरात्री कंदील घेऊन येणारा माणूस तिला पावलांवरून ओळखू यायचा, आणि एका रात्री भरती आली, पण तो आला नाही, तो कुठेतरी सहीसाठी रांगेत उभा होता. उपदेश नाही, दुर्दशा नाही. पान तिथेच संपतं.

दुसरी एक फाइल सांगते. मुलगा मूळचा पाटण तालुक्यातला, वडील मार्केटला माथाडी. तो आधी दोन आठवडे काही करेचना. म्हणाला, मॅडम, आमचं इथे आधी काहीच नव्हतं, आम्ही बाहेरचे. मला त्याला काय सांगावं कळेना, कारण विषयच मी असा दिला होता की जणू इतिहास फक्त जमीनवाल्यांना असतो. ती माझी चूक. म्हटलं तुझे पप्पा इथे का आले ते विचार. मग ते उलगडत गेलं, मुंबईतले घाऊक बाजार 1980 नंतर टप्प्याटप्प्यानं तुर्भे-वाशीला आले, त्यांच्यामागे पाठीवर पोती वाहणारी माणसं आली, 1969 चा माथाडी कायदा, माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील, टोळी म्हणजे काय, मुकादम म्हणजे काय, हे सगळं त्याला वडिलांनी एका रविवारी जेवणानंतर सांगितलं. त्याआधी, तो म्हणाला, पप्पा माझ्याशी फक्त मार्कांबद्दल बोलायचे.

वस्तू म्हणून त्यानं पोतं उचलायचा आकडा आणला. पेपरात गुंडाळून, वर रबर लावून. मी तो हातात घेतला, वाटतो त्यापेक्षा जड. लोखंडाचा वाकडा हुक, टोक घासून घासून पांढरं चमकणारं, बाकी सगळा काळपट, आणि लाकडी मूठ एका बाजूनं झिजलेली, इतकी की तिच्यात चार बोटांच्या चार खोबणी पडल्यात. मी माझी बोटं त्यात ठेवून बघितली, बसेनात, खोबणी मोठ्या होत्या. मग त्या मुलानं ठेवली, त्याचीही बसेनात. सगळ्या वर्गानं एकेक करून हात लावून बघितला, कोणी बोलत नव्हतं. तास संपल्यावर तो म्हणाला, मॅडम, आजच परत न्यायचाय, पप्पांना पहाटे लागतो.

संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या वस्तू मी मुलांना दाखवल्यात, त्या बघायलाच हव्यात, पण जी वस्तू उद्या पहाटे परत कामाला जाणार आहे ती बाकावर ठेवून तिच्याबद्दल प्रश्न विचारणं, याला काय म्हणायचं मला माहीत नाही. दहावीच्या पुस्तकात ‘उपयोजित इतिहास’ असा एक धडा आहे, मुलं व्याख्या पाठ करतात. या मुलाला आता व्याख्या पाठ करावी लागणार नाही असं वाटतं.

आम्ही एकदा ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्यालाही गेलो, बारा-पंधरा जण, तेही याच प्रोजेक्टसाठी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली तिथे उभं राहून ‘तेव्हाच्या माणसाचं पत्र’ लिहायचं होतं. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, हे सगळ्यांच्याच पत्रात आलं, आणि सगळी पत्रं गाडीत बसलेल्या पाहुण्यांचीच. फक्त एकीनं चेंदणीच्या, म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या कोळ्याचं पत्र लिहिलं. त्याला प्रश्न पडलाय की ही गाडी इथेच थांबली, खाडी ओलांडून पलीकडे अजून मीच नेतोय, पण किती दिवस? आणि खरंच, कल्याणपर्यंत रेल्वे गेली ती 1 मे 1854 ला, म्हणजे त्या कोळ्याकडे वर्षभराचा अवधी होता. ही तारीख तिनं स्वतः शोधली, कारण पत्र लिहिताना तिला ती लागली. तारखा पाठ होत नाहीत म्हणून रडणारी मुलं आणि ही, वर्ग एकच, वय एकच.

हे सगळं वाचून वाटेल की फार छान चाललंय, तसं नाहीये. समाजशास्त्राचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस मार्क, त्यात हे सगळं बसवायचं. पालक मीटिंगला विचारतात, मॅडम यात वेळ किती जातो, याला मार्क किती, आणि त्यांचं चुकत नाही, कारण पुढे कॉलेजच्या लिस्टमध्ये आजी दिसत नाही, टक्के दिसतात. साठ रेकॉर्डिंग ऐकायची म्हणजे माझे तीन रविवार जातात. काही घरात मुलांना सांगितलं गेलं की असलं काही बाहेर सांगायचं नसतं, आणि ते मी मान्य केलं, कारण घरातलं दुःख बाहेर काढून मार्क मिळवा असं कुठल्याच मुलाला सांगायचा मला हक्क नाही. त्या मुलांनी गल्लीतला चक्कीवाला, इस्त्रीवाला, शाळेतल्या मावशी यांना विचारलं. शाळेतल्या मावशींची मुलाखत तर तिघांनी घेतली, तिन्ही वेगळ्या आल्या, आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वर्गात तासभर वाद झाला की खरी कुठली. मला वाटतं त्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला तास तो होता आणि त्यात मी जवळजवळ बोललेच नाही.

फायली मे महिन्यात रद्दीत जातात. दरवर्षी जातात, कपाट एकच आहे. त्या वर्षी मी पाच ठेवून घेतल्या, मुलांना विचारून. त्या मुलीला मात्र म्हटलं तुझी तू घेऊन जा, घरी असू दे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, ती दहावीत गेली. एक दिवस स्टाफरूमच्या दारात उभी, हातात तीच फाइल. म्हणाली, मॅडम, सुट्टीत आजीला वाचून दाखवली, तिला वाचता येत नाही ना. सगळी ऐकली तिनं. उघाडीचं दोनदा वाचायला लावलं. मी विचारलं, काय म्हणाली? तर तिनं फाइल उघडून तिसरं पान पुढे केलं. तिनं स्वतःच्या भाषेत, निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘पांढरेशुभ्र मीठ’, मी त्यावर बरोबरची खूण केली होती, मार्क देऊन झाले होते. आता त्यातला ‘पांढरेशुभ्र’ पेन्सिलीनं खोडला होता आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पयला काला. मंग पांढरा.’

‘आजी म्हणाली पहिल्या काढणीचं चिखलानं काळपट निघतं, तुमच्या मॅडमला हे कसं माहीत नाय,’ ती म्हणाली, आणि फाइल माझ्या हातात देऊन तासाला पळाली.